अंमलाबाहेरचा अंमल

मराठीत ‘अंमल’ हा शब्द दोन घरी नांदतो. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ कृती, व्यवहार असा. तिथून तो राज्यकारभारात शिरला आणि पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, अंमलदार, अंमलबजावणी असा त्याचा सरकारी गोतावळा तयार झाला. दुसरीकडे तोच शब्द नशेकडे वळला. भांगेचा अंमल चढतो, अफूचा अंमल उतरतो आणि ज्यांच्यामुळे हे घडते ते अंमली पदार्थ. माणसाच्या इच्छेवर बाहेरून कुणीतरी हुकूम चालवू लागते, एवढे साम्य भाषेला पुरेसे वाटले असावे.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो, आणि हे लिखाण आमच्या एका न संपलेल्या वादातून उतरले असल्यामुळे येथे ‘आम्ही’ असाच उल्लेख ठेवला आहे. अर्थपरिवर्तन शिकवताना ‘अंमल’चे हे उदाहरण आम्ही वर्षानुवर्षे देत आलो. वर्गात त्यावर हशा पिकतो. परंतु अंमली पदार्थांवर ज्यांचा अंमल चालतो त्या कायद्याच्या यादीत, मुलांच्या हाती सर्वांत सहज लागणारी एक नशा बसतच नाही, हे ध्यानात आल्यापासून त्या उदाहरणाचा सूर आमच्यापुरता बदलला आहे. ही नशा म्हणजे हुंगण्याची नशा: व्हाइटनर, थिनर, पेट्रोल, आणि सायकलच्या पंक्चरला लावतात ते सोल्युशन.

प्रथम क्रियापदांकडे पाहू. व्यसनांसाठी मराठीने स्वतंत्र क्रियापदे राखून ठेवली आहेत. दारू पितात, गांजा ओढतात, तंबाखू मळतात आणि खातात, मशेरी लावतात, अफू घेतात. ‘पितो’ एवढेच म्हटले तरी कर्म सांगावे लागत नाही, ऐकणारा समजतो. ‘हुंगणे’ मात्र या पंक्तीत कधी बसले नाही. आपल्याकडे फूल हुंगतात, आणि देवाला वाहायचे फूल हुंगू नये असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. भाषेच्या लेखी हुंगण्यातला सर्वांत मोठा अपराध एवढाच. त्यामुळे आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा येऊन सांगितले, की “सर, स्टेशनवरची मुलं रुमालाला काहीतरी लावून हुंगतात,” तेव्हा त्या वाक्यात धोक्याची घंटा वाजवणारा एकही शब्द नव्हता.

आमचे गाव जंक्शनचे आहे. २०१६ पासून हे विद्यार्थी रविवारी सकाळी पार्सल ऑफिसच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलांचा वर्ग घेत असत. मुले म्हणजे डब्यांतल्या रिकाम्या बाटल्या वेचणारी, सदरा काढून डबा झाडणारी, कुणी घरातून पळून आलेली, कुणी घरच नसलेली. वय आठ ते पंधरा. आम्ही आळीपाळीने जात असू. ही मुले त्या वस्तूला ‘सोल्युशन’ म्हणत. सायकल दुकानातला शब्द त्यांनी जसाच्या तसा उचलला होता. इंग्रजीत या शब्दाचा दुसरा अर्थ ‘उत्तर’ असाही होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्हांला होते, आणि म्हणून तो शब्द ऐकणे जड जाई. एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आमच्यापैकी एकीने विचारले, यात काय आवडते तुला? तो म्हणाला, “मॅडम, भूक मरते. रात्री गार पण नाही लागत.” आवडण्याचा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि उपयोग सांगितला.

त्याचे म्हणणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. अशा बहुतेक वस्तूंमध्ये बाष्पनशील द्रावके असतात. टोल्युइन हे त्यांतले एक प्रमुख. (दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात तोलू नावाचे गाव आहे, तिथल्या सुगंधी डिंकापासून मिळवले गेले म्हणून हे नाव.) फुफ्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचायला त्याला काही सेकंद पुरतात. अंमल दारूसारखाच, पण काही मिनिटांत उतरणारा, म्हणून पुन्हा पुन्हा घेतला जाणारा. मेंदू आणि मज्जातंतू यांच्यावरचे आवरण स्निग्ध असते आणि स्निग्धात विरघळणे हा तर द्रावकांचा धर्मच. दीर्घकाळच्या सेवनाने हे आवरण झिजते. चाल अडखळते, हात कापतात, स्मरण आणि विचार मंदावतात. याहून भयंकर गोष्ट १९७० साली अमेरिकेतल्या मिलार्ड बास या संशोधकाने नोंदवली. हुंगता हुंगता अचानक मृत्यू पावलेल्या ११० तरुणांची प्रकरणे त्याने एकत्र केली. द्रावकामुळे हृदय अ‍ॅड्रेनलिनला इतके हळवे होते, की अशा वेळी भीतीचा धक्का किंवा जिवाच्या आकांताने धावणे हेही त्याला थांबवू शकते. असा मृत्यू पहिल्याच वेळी येऊ शकतो. त्याला सवय लागावी लागत नाही.

मग या पदार्थाचा वर्ग कोणता? आम्ही साहित्याची माणसे, वर्गीकरण हा आमच्या पोटापाण्याचाच विषय. वाङ्मयप्रकार शिकवताना विद्यार्थ्यांना बजावतो, की कोणत्याही विभागणीत विभाजनतत्त्व एकच हवे. आणि मग त्याच फळ्यावर ऐतिहासिक कादंबरी (विषयावरून), ग्रामीण कादंबरी (परिसरावरून), दलित साहित्य (अनुभवावरून व जाणिवेवरून) आणि लघुकादंबरी (पृष्ठसंख्येवरून) अशी सरमिसळ लिहितो. जे कुठेच बसत नाही ते ‘ललित गद्य’. नशेच्या पदार्थांच्या याद्या आम्ही प्रथम वाचल्या तेव्हा हीच सरमिसळ तिथे दिसली आणि क्षणभर आपुलकी वाटली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती पाहा. दारू, अफूजन्य पदार्थ, गांजाजन्य पदार्थ, झोपेची औषधे, कोकेन, इतर उत्तेजके, भ्रमजनके, तंबाखू, आणि नंतर बाष्पनशील द्रावके. यांत अफू, गांजा, कोकेन आणि तंबाखू ही वनस्पतींवरून ओळखली जाणारी कुळे. उत्तेजके आणि भ्रमजनके परिणामावरून ठरलेली. द्रावकांची ओळख मात्र त्यांच्या मूळ कामावरून, म्हणजे दुसरे काहीतरी विरघळवण्यावरून. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत त्यांना ‘बाष्पनशील हुंगद्रव्ये’ म्हणावे असे नाव आहे. तिथे कसोटी शरीरात शिरण्याच्या वाटेची. टोल्युइन, पेट्रोल आणि लायटरमधला ब्यूटेन यांचे रसायन वेगवेगळे; ती एका वर्गात येतात, कारण ती नाकातोंडावाटे आत जातात.

वाटेवरून वर्ग ठरवणे आपल्या परंपरेला परके नाही. शार्ङ्गधरसंहितेत मद्य हे ‘मदकारी’ द्रव्यांत येते. भांग आणि अफू मात्र तिथे नाहीत. ती ‘व्यवायी’ द्रव्यांची उदाहरणे आहेत, म्हणजे पचण्याआधीच सर्व शरीरभर पसरणारी आणि नंतर पचणारी. बुद्धीचे काय होते ही एक कसोटी, द्रव्य शरीरात कसे प्रवास करते ही दुसरी. वैद्याला दोन्ही कसोट्या लागतात, कारण त्याला उपचार करायचे असतात. वर्गीकरण कुणी, कशासाठी केले आहे, हे त्याच्या कसोटीवरून कळते. हे सूत्र हाती धरले की पुढच्या याद्या वाचणे सोपे जाते.

कायद्याची यादी घेऊ. ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ’ यांच्यासंबंधीचा आपला केंद्रीय कायदा १९८५ चा. तो अमलात आला १४ नोव्हेंबर १९८५ रोजी. योगायोगाने तो बालदिन होता. त्याच्या मुळाशी १९६१ आणि १९७१ चे आंतरराष्ट्रीय करार आहेत. अफू, कोका आणि गांजा ही त्याची तीन पिके, आणि त्यांच्याभोवती पेरणी, वाहतूक, साठा, आयात-निर्यात यांच्या शब्दांची फौज. मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांची स्वतंत्र अनुसूची, तीत शासन भर घालू शकते. गांजाच्या झाडाचा फुलोरा यादीत, पण फुलोऱ्याविना आलेली पाने व्याख्येबाहेर, म्हणून भांग या कायद्याच्या बाहेर. दारू राज्यांच्या कायद्यांकडे, तंबाखू २००३ च्या वेगळ्या कायद्याकडे. आणि टोल्युइन? ते आंतरराष्ट्रीय यादीत आहे. १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला जोडलेल्या दुसऱ्या तक्त्यात त्याचे नाव अ‍ॅसिटोन, ईथर यांच्या जोडीने येते, कारण कोकेन तयार करताना द्रावक म्हणून त्याचा वापर होतो. म्हणजे जगाने टोल्युइनवर डोळा ठेवला तो मोठ्यांच्या नशेचा कच्चा माल म्हणून. मुले तेच थेट हुंगतात, याची त्या तक्त्याला गरज नव्हती. शार्ङ्गधराच्या यादीमागे उपचार करणारा वैद्य आहे. या यादीमागे व्यापार अडवणारा जकातदार आहे. ज्या पदार्थाला तस्कर नाही, शेत नाही, सीमा ओलांडावी लागत नाही, आणि जो दुकानात उघड्यावर मिळतो, तो जकातदाराला दिसावा कसा?

हानीच्या कसोटीवरही यादी करता येते. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी शारीरिक हानी, अवलंबित्व आणि समाजाची हानी अशा तीन निकषांवर वीस पदार्थांची क्रमवारी लावली. हेरॉइन पहिले, कोकेन दुसरे; पण दारू पाचवी, तंबाखू नववा, गांजा अकरावा आणि द्रावके बारावी. कायद्याचा क्रम आणि हानीचा क्रम जुळत नाहीत, हे त्यांना दाखवायचे होते. तरीही या क्रमवारीत सेवन करणाऱ्याचे वय हा निकष नव्हता. दहा वर्षांच्या मेंदूतली द्रावके आणि चाळीस वर्षांच्या मेंदूतली द्रावके एकाच बाराव्या क्रमांकावर बसली.

येथे एक जुना प्रसंग सांगण्याजोगा आहे, कारण तो आमच्या विषयाच्या अंगणातला आहे. १७९९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे, विविध वायूंनी रोग बरे होतात का हे पाहणाऱ्या एका संस्थेत विशीतला हंफ्री डेव्ही नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगत होता आणि मित्रांना हुंगायला देत होता. त्या मित्रांत रॉबर्ट सदी आणि कोलरिज हे कवी होते. त्यांचे अनुभव डेव्हीच्या १८०० सालच्या ग्रंथात छापले गेले. पुढे ईथर हुंगण्याच्या बैठका तरुणांच्या करमणुकीचा भाग झाल्या, आणि त्याच ईथरने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये शस्त्रक्रियेतल्या वेदना थांबवून दाखवल्या. कवी हुंगतात तेव्हा त्याला प्रयोग म्हणतात, त्याची टिपणे होतात, रोमँटिक कल्पनाशक्तीच्या चर्चेत त्याला तळटीप मिळते. फलाटावरचा मुलगा हुंगतो तेव्हा प्रवासी नाक दाबून पुढे जातात. इंग्रजी विभागातल्या आमच्या मित्रांनी हा प्रसंग शिकवताना या दुसऱ्या मुलाची आठवण ठेवावी, एवढेच सुचवावेसे वाटते.

आपल्या तळटिपा कुठे आहेत? दरवर्षी २६ जूनला अंमली पदार्थविरोधी दिनानिमित्त होणाऱ्या वक्तृत्व स्पर्धांचे आम्ही परीक्षक असतो. ‘नशेच्या विळख्यात तरुणाई’ या विषयावर मुले तळमळीने बोलतात. त्यांच्या भाषणांत पांढरी पूड असते, सिरिंज असते, समुद्रमार्गे येणारी खेप असते, बड्या बापांची पोरे असतात. पंक्चरची ट्यूब आजवर एकाही भाषणात आलेली नाही, आणि परीक्षकांच्या टेबलावर गुणांची खाडाखोड झाकायला ठेवलेल्या व्हाइटनरकडे कुणाचे लक्ष जात नाही. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अंमली पदार्थाचे जे चित्र कायदा, चित्रपट आणि वर्तमानपत्रे यांनी रंगवले, तेच त्यांच्या भाषेत उतरते. यादी अशा रीतीने कल्पनाशक्तीलाही कुंपण घालते.

वस्तुस्थिती या चित्राच्या उलट आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी दिलेल्या निकालात मुलांमधील व्यसनांचे राष्ट्रीय सर्वेक्षण करण्याचा आदेश दिला होता. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यातील एक आकडा आम्ही अनेक कार्यक्रमांत वाचून दाखवला आहे. हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आढळले. हा एकमेव वर्ग असा, की ज्यात मुलांचे प्रमाण मोठ्यांहून अधिक. अंदाजे ४.६ लाख मुलांना या सेवनासाठी मदतीची गरज आहे, असे अहवाल सांगतो. शिवाय या सर्वेक्षणाचा मोठा भाग दोन लाखांहून अधिक घरांना भेटी देऊन झाला होता. ही घराघरांतली मुले आहेत. फलाटावर निजणाऱ्याला दार नसते, त्यामुळे ते ठोठावताही येत नाही.

आता त्या मुलाकडे. २०१८ च्या पावसाळ्यात त्याची चाल बिघडली. बाटल्यांचे पोते उचलताना तोल जाई, आणि पाटीवर ‘ग’ काढताना रेघ थरथरत खाली घसरे. त्याच्यासाठी काही करावे म्हणून आम्ही निघालो. पहिल्यांदा भेटले ते स्थानकावरचे एक हवालदार. गृहस्थ सज्जन, या मुलांना स्वतःच्या डब्यातली पोळी देणारे. ते म्हणाले, “सर, याच्या खिशात गांजाची पुडी सापडली असती, तर काय करायचं ते मला माहीत आहे. या ट्यूबला मी कोणतं कलम लावू?” बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ मध्ये मुलाला मादक पेय, अंमली द्रव्य, तंबाखू किंवा मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास सांगितला आहे. आम्ही ते कलम त्यांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “यात सोल्युशन कुठं आहे?”

तिथून एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. प्रवेशाच्या छापील अर्जात रकाने होते: दारू, तंबाखू व गुटखा, गांजा व चरस, अफू व ब्राउन शुगर, झोपेच्या गोळ्या, इतर. कारकुनाने ‘इतर’पुढे खूण केली. तपशील लिहायला जी रेघ होती तीवर ‘पंक्चरचे सोल्युशन’ हे दोन शब्दही मावले नाहीत; त्याने नुसते ‘पंक्चर’ लिहिले. मग वयाचा रकाना आला आणि अर्ज परत मिळाला. अठरा वर्षांखालच्या रुग्णांची सोय तिथे नव्हती. जो पदार्थ मुलेच अधिक घेतात तो ‘इतर’, आणि जी मुले तो घेतात त्यांना प्रवेश नाही. दोन याद्यांच्या मधल्या फटीतून तो मुलगा आमच्या डोळ्यांदेखत खाली पडला. शेवटी बालकल्याण समितीसमोर नेले. समितीने त्याला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरवून बालगृहात पाठवले आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याचे उपचार सुरू झाले. औषधापेक्षा दोन वेळचे जेवण आणि झोपायला कोरडी जागा यांनी अधिक काम केले, असे त्या डॉक्टरांनीच आम्हांला सांगितले. पाच महिन्यांनी त्याचा मामा येऊन त्याला गावी घेऊन गेला. तोवर त्याच्या ‘ग’ची रेघ बरीच सरळ झाली होती.

याच दिवसांत आमच्यातला वाद सुरू झाला, तो आजही मिटलेला नाही. आमच्यापैकी एकीचे म्हणणे, हे पदार्थ सरळ अनुसूचीत घालावेत. नाव असले की कलम येते, कलम आले की अर्जात रकाना येतो, रकाना आला की निधी आणि खाटा येतात. भाषेत ज्याला नाव नाही ते समाजाच्या लेखी अस्तित्वात नाही, हे आपण वर्गात सांगतो, तर ते इथे का लागू करू नये? दुसऱ्याचे म्हणणे याच्या नेमके विरुद्ध. त्या कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे. (उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम ६४-अ काही अटींवर संरक्षण देते, पण ते नंतर.) आज हा मुलगा ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आहे. पदार्थ यादीत गेला की तोच मुलगा, तीच ट्यूब हातात घेऊन, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होईल. पदार्थाचा रकाना बदलला की मुलाचाही बदलतो. हवालदाराला कलम मिळेल, पण ते दुकानदाराच्या आधी मुलाला लागेल, कारण मुलगा समोर असतो. आणि पोलिसाला पाहून पळणाऱ्या अशा मुलाच्या हृदयाचे काय होऊ शकते, ते वर आलेच आहे.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून इतरांनी काय केले ते आम्ही शोधले. ज्या १९८५ साली आपला कायदा आला, त्याच साली इंग्लंडमध्ये एक छोटा कायदा झाला. त्यात पदार्थांची यादीच नव्हती. अठरा वर्षांखालील व्यक्ती नशेसाठी हुंगणार आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, तिला कोणताही पदार्थ पुरवणे हा गुन्हा ठरवला गेला. वर्गीकरण वस्तूचे नव्हते, देणाऱ्या-घेणाऱ्यांमधल्या व्यवहाराचे होते, आणि दोषाचे बोट मोठ्याकडे होते. मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत पेट्रोल हुंगण्याने पिढी खचत चालली, तेव्हा २००५ पासून तिथे ‘ओपल’ नावाचे, सुगंधी द्रावके अत्यल्प असलेले पेट्रोल पुरवण्यात आले. गाड्या चालत राहिल्या आणि हुंगण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. आपल्याकडेही २०१२ साली केंद्र सरकारने बाटलीतले व्हाइटनर आणि त्याचे थिनर यांच्यावर बंदी घालून, मर्यादित द्रव बाहेर सोडणाऱ्या लेखण्यांच्या रूपातच आणि इशाऱ्यासह ते विकावे, असे ठरवले. दिशा योग्य होती. पण पंक्चरचे सोल्युशन त्या निर्णयाच्या बाहेर होते, आणि आमच्या फलाटावरच्या मुलांचा लेखनसाहित्याशी संबंध आधीच तुटलेला होता.

या तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. मुलाला कोणत्या रकान्यात टाकावे हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. इंग्लंडने पुरवणाऱ्याकडे पाहिले, ऑस्ट्रेलियाने पेट्रोलच्या घटकांकडे, आपण बाटलीच्या तोंडाकडे. आमचा वाद मिटला नसला तरी येथवर आम्ही दोघे एकत्र येऊन पोचतो. पदार्थाला नाव हवे, पण ते वैद्याच्या यादीत, अर्जाच्या रकान्यात, शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि २६ जूनच्या भाषणांत. आरोपपत्रात नको.

शेवटी पुन्हा एका शब्दाकडे वळावेसे वाटते. ‘व्यसन’ म्हणताना आज आपल्या मनात माणसाचा दुर्गुण असतो. मनुस्मृतीत राजाची अठरा व्यसने सांगितली आहेत, दहा कामातून उपजणारी आणि आठ क्रोधातून. फलाटावरच्या मुलाचे व्यसन यांपैकी कुठल्याच गटात बसत नाही. ते भुकेतून उपजलेले आहे. परंतु संस्कृतात या शब्दाला ‘आपत्ती’ असाही अर्थ आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांचे आहे, आणि त्यात राजाच्या मद्यपानाबरोबरच आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांचाही विचार येतो. मराठीने या शब्दाचा दुर्गुणाचा अर्थ तेवढा ठेवला आणि आपत्तीचा अर्थ गाळला. पुरात सापडलेल्या मुलाला तू कोणत्या नदीच्या पाण्यात सापडलास, ती नदी आमच्या यादीत आहे का, असे कुणी विचारत नाही. आधी त्याला बाहेर काढतात, कोरडे करतात, जेवू घालतात.

आमचा रविवारचा वर्ग करोनाच्या काळात बंद पडला आणि २०२२ मध्ये नव्या विद्यार्थ्यांनी तो पुन्हा सुरू केला. नवे स्वयंसेवक आले की त्यांना आम्ही तीन गोष्टी सांगतो. कुणी हुंगताना दिसला तर ओरडायचे नाही, मागे धावायचे नाही; जवळ जाऊन सावकाश बसायचे. ट्यूब हिसकावून घ्यायची नाही. आणि ‘काय घेतोस?’ हे विचारण्याआधी ‘जेवलास का?’ हे विचारायचे.